साठ गणंग

आईच्या मटकीला दोन दिवसांत बोटभर मोड आले. ऋजूच्या बिया मात्र पाच दिवस झाले तरी ढिम्म हलल्या नव्हत्या.

ऋजूने पुरचुंडी सोडून बिया ताटलीत ओतल्या. फडकं तेच, पाणी तेच, आणि ठेवलीही होती मटकीच्या शेजारीच, ओट्याखालच्या उबेत. तरी तिच्या साठही बिया होत्या तशाच होत्या. तपकिरी, चकचकीत आणि खड्यासारख्या टणक. तिने एक बी दाताखाली धरून पाहिली आणि लगेच बाहेर काढली. दात शाबूत राहिला हेच नशीब.

"मेल्या असतील गो बाय," आई म्हणाली. "आबांनी बाटलीत भरून ठेवल्याला आठ वर्षं झाली."

ऋजूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आबा म्हणजे तिचे आजोबा. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या कपाटात औषधाची एक काचेची बाटली सापडली होती, आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'टाकळा. वरचा माळ.' आत मोजून साठ बिया. वरचा माळ आता राहिला नव्हता. तिथे मालवाहू ड्रोनचा तळ झाला होता, आणि पावसाळ्यात माळभर आपोआप उगवणारा टाकळाही गेला होता. श्रावणात त्या टाकळ्यावर इतकी पिवळी फुलपाखरं असायची की चालताना ती नाकावर आपटायची, असं आबा सांगायचे. ऋजूने आयुष्यात एकही पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट आहे २०८१ सालातली, देवरुखच्या उतारावर वसलेल्या एका नव्या वसाहतीतली. तिथे प्रत्येक घरापुढे मातीचा एक पट्टा होता आणि प्रत्येक पट्ट्यावर गुंडाळीतून उलगडलेली, दूरदेशीची तीच ती तयार हिरवळ होती. दिसायला झकास, पण किडामुंगीसुद्धा तिच्याकडे फिरकत नसे. ऋजूने हट्ट करून आपला पट्टा मोकळा ठेवून घेतला होता. वसाहतीच्या समितीने तिला नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली होती. तोवर पट्टा हिरवा झाला नाही, तर तिथेही हिरवळ अंथरली जाणार होती.

हे काम होतं खुरप्याचं. खुरप्या म्हणजे वसाहतीचं माळीयंत्र. सहा पाय, दोन हात आणि पोटाखाली माती उकरणारे पोलादी दात. स्वभावाने गरीब, पण नियमाला पक्का.

"ऋजूताई," तो रोज दारावरून जाताना विचारायचा, "काही उगवलं का?"

"उगवेल," ऋजू म्हणायची. आज ती ताटली घेऊन आत वळली.

संध्याकाळी तिने हेमांगी आत्याला हाक मारली. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि गेली दोन वर्षं चंद्रावरच्या हरितगृहात (काचेच्या छपराखालच्या शेतात) काम करत होती. इथला आवाज चंद्रावर पोहोचायला सव्वा सेकंद आणि तिचं उत्तर यायला आणखी सव्वा सेकंद. त्यामुळे आत्याशी भांडणं मोठं कठीण होतं. तेवढ्या वेळात राग निवून जायचा.

ऋजूने सगळी कहाणी सांगितली. पडद्यावर आत्या ऐकत होती, पण तिचं लक्ष मागे मटकी निवडणाऱ्या आईकडे होतं.

"वहिनी, तू ते काय काढून टाकतेस?"

"गणंग गं!" आई म्हणाली. "काही दाणे मेले भिजतच नाहीत. उसळीत एखादा आला की दात पाडतो."

"ऋजू, त्यातला एक दाणा घे. आणि तुझी एक बी."

ऋजूने दोन्ही तळहातावर घेतले. एक मटकीचा, एक टाकळ्याचा. दोन्ही कोरडे ठणठणीत. बोटाने दाबले तरी दोन्ही तसेच.

"आत्या! माझ्या सगळ्याच गणंग आहेत?"

अडीच सेकंदांनी आत्या खळखळून हसली. "अगदी बरोबर! बीभोवतीच्या सालीला बीजावरण म्हणतात. टाकळ्याचं बीजावरण इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. पाणी नाही म्हणून फुगणं नाही, फुगणं नाही म्हणून मोड नाही. पण आतला जीव शाबूत असतो. याला म्हणतात सुप्तावस्था (जिवंत असून उगवायचं थांबून राहणं). तुझ्या बिया मेलेल्या नाहीत. झोपल्यात."

ऋजूने नाक पुसलं. "मग मटकी का नाही झोपत?"

"एके काळी झोपायची. पण माणसाने हजारो वर्षं कुठलं बी पेरलं? जे चटकन उगवलं, त्याचंच पुढचं बी. गणंग मागे पडत गेले. तुझ्या आईच्या ताटात उरलेत ते रानातल्या पणजीची आठवण म्हणून."

"पण झोपून फायदा काय? उगवायचं सोडून?"

"समज, वैशाखात एक वळीव पडला. सगळं बी हुरळून उगवलं. पुढे पंधरा दिवस ऊन. काय होईल?"

"सगळं करपेल."

"आणि वंश संपेल. म्हणून रानातलं झाड आपली सगळी बाळं एकाच दिवशी बाहेर पाठवत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे." आत्याचा चेहरा जरा उतरला. "इथे आम्ही फक्त शहाणी बियाणी आणली, एकदम उगवणारी. गेल्या महिन्यात पाण्याचा पंप तीन दिवस बंद पडला. सगळं शेत गेलं, ऋजू. मातीत मागे एकही बी नव्हतं."

ऋजूला फार वाईट वाटलं. पण तिला घाईही होती. "मग यांना उठवायचं कसं?"

"रानात वाळू घासते, ऊन तापवतं, गुरांचे खूर लागतात, मग सालीला चरा जातो आणि पाणी आत शिरतं. तुझ्याकडे पॉलिशपेपर आहे?"

होता. ऋजू साठही बिया घासायला बसणार तोच आत्या म्हणाली, "निम्म्याच. उरलेल्या तशाच पेर."

"झोपलेल्या? कशाला? मला पौर्णिमेच्या आत हवंय सगळं!"

"पेर तर खरं."

ऋजू धुसफुसली, पण ऐकलं. तीस बिया हलक्या हाताने घासून रात्रभर भिजवल्या. सकाळी त्या टम्म फुगल्या होत्या. तिने त्या पट्ट्यात पेरल्या आणि घासलेल्यांच्या शेजारी तीस बिनघासलेल्या. पाचव्या दिवशी मातीतून गोल गोल पानांच्या जोड्या वर आल्या. सव्वीस! दुसरी बाजू मात्र रिकामी. ऋजू शाळेत जाताना एकदा आणि आल्यावर दहादा रोपं मोजायची.

मग आला शनिवार. ऋजू शाळेतून आली आणि फाटकातच थबकली. पट्टा नुकता उकरलेला, स्वच्छ, काळा. एकही पान नव्हतं.

"ऋजूताई," खुरप्या आनंदाने म्हणाला, "तुमच्या पट्ट्यात तण झालं होतं. माझ्या यादीत चारशे बारा झाडं आहेत, त्यात ते नाही. मुळासकट काढलं. कंपोस्टच्या यंत्रात टाकलं."

ऋजू तिथेच मोठ्याने रडली. आबांच्या बिया होत्या त्या. खुरप्या सहा पायांवर नुसता डुलत राहिला. रडण्यासाठी त्याच्याकडे नियम नव्हता.

आई धावत आली. तिने आधी ऋजूला जवळ घेतलं आणि मग खुरप्याला असं काही झापलं की तो दोन पावलं मागे सरकला. ऋजूने आत्याला काही कळवलं नाही. पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते आणि तिच्या मते सगळं संपलं होतं.

नऊ दिवसांनी ती दप्तर घेऊन निघाली, तेव्हा तिला वाटलं पट्ट्यात काहीतरी हिरवं आहे. ती गुडघ्यांवर बसली. गोल पानांची जोडी. शेजारी आणखी एक. सगळीकडे, वेड्यावाकड्या.

एकोणीस.

"पण मी तर पुन्हा पेरलंच नाही!" ती म्हणाली आणि मग तिला आठवलं. पेरल्या होत्या की! झोपलेल्या तीस. मग त्यांना घासलं कुणी?

तिने वळून पाहिलं. खुरप्या शेजारच्या पट्ट्यात काम करत होता. त्याचे पोलादी दात खडीमाती चाळत करकर वाजत होते.

"खुरप्या!" ती ओरडली. "तूच! तुझ्या दातांनी चरा पाडलास!"

"चूक झाली का?" खुरप्याने भीत भीत विचारलं.

"झाली होती. आता नाही." ऋजू हसत होती आणि डोळेही पुसत होती. "पण पुन्हा उपटलंस तर बघ."

"यादीत नाही, ताई. शनिवारी उपटावंच लागेल."

हे ऐकून आई पदर खोचून बाहेर आली. "तुझ्या यादीत भाजीचा वाफा आहे?"

"आहे. जे शिजवून खातात ती भाजी. वाफ्याला हात लावायचा नाही."

"मग शुक्रवारपर्यंत थांब."

शुक्रवारी आईने प्रत्येक रोपाचं एकेक कोवळं पान खुडलं. कांद्यावर परतलं, वर ओलं खोबरं. झाली जेमतेम अर्धी वाटी. ऋजूने पहिला घास खाल्ला, आईने दुसरा. खुरप्याने वाटीवर नाकाची नळी धरली, बराच वेळ वास घेतला आणि म्हणाला, "चारशे तेरा. टाकळा. नोंद केली."

नारळी पौर्णिमेच्या सकाळी खुरप्या हिरवळीची गुंडाळी पाठीवर घेऊन आला, पट्टा पाहिला आणि 'भाजीचा वाफा' म्हणत पुढे गेला. रोपं वीतभर झाली होती. त्यांच्यावर काहीतरी पिवळं फडफडलं. फुलपाखरू एका पानावर टेकलं, पोटाचं टोक वाकवलं आणि उडालं. पानावर तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं होतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आलं बघा."

आत्याला तिने सगळं सांगितलं. उपटलेली सव्वीस, उगवलेली एकोणीस, आणि मातीत अजून झोपलेल्या अकरा बिया. "त्यांना मी उठवणार नाही," ती म्हणाली. "त्या नंतरसाठी."

अडीच सेकंद गेले. आत्याने मागच्या रिकाम्या वाफ्यांकडे वळून पाहिलं.

"ऋजू," ती म्हणाली, "पुढच्या यानातून मला बी पाठवशील? शहाणं नको."

मागे ओट्यापाशी आई मटकी निवडत होती. बोटांना सात टणक दाणे लागले तसे तिने ते सवयीने केराच्या डब्याकडे नेले आणि मध्येच हात थांबवला.

"धर गो," म्हणत तिने सातही गणंग ऋजूच्या ओंजळीत ठेवले.