दहाव्या दिवसाचं न्हाणं

"वहिनी, बाई रडतेय," नाझ्मी उस्तादनं दारातूनच सांगितलं.

"रडू दे. रडून झालं की माणूस खरं बोलतं. आत घे तिला."

मुबेर्रा हानिमचा गुरुवारचा रोजा होता, म्हणून चहाचे दोनच पेले आले. एक पाहुणीचा, एक नाझ्मीचा. नाझ्मी तिचा धाकटा दीर. चाळीस वर्षं न्हावीकाम करून निवृत्त झालेला, आणि स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस न उरलेला. भाऊ गेल्यापासून तो वहिनीच्या तपासकामात सोबत असे. वहिनी बघायची, तो पिशवी धरायचा.

पाहुणीचं नाव सबिहा. शिशली भागातल्या एका केसरोपणाच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं रुग्णांची डोकी धूत होती.

"उद्या सकाळी ठाण्यात बोलावलंय, ताई. आमचे एक रुग्ण, नेजात बे, म्हणतात मी त्यांचं डोकं जाळलं."

"जळलं कसं?"

"नवे केस दहा दिवस फार नाजूक असतात. रुग्ण रोज सकाळी डोक्याला लोशन लावून अर्धा तास बसतो, मग खाली माझ्याकडे न्हायला येतो. दहाव्या दिवशी मी बोटांनी चोळून खपल्या काढते. त्या दिवशी हात लावला, तर खपल्यांबरोबर केस आले. कातडीही आली." सबिहानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "बाटलीतल्या लोशनात केस काढायचं मलम निघालं. आदल्याच दिवशी ती बाटली मी भरून दिली होती."

"अर्धा तास डोकं भाजत होतं आणि त्यांना कळलं नाही?"

"कळणार कसं? शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे डोकं बधिरच असतं."

"आणि हे केस एरवी गळत नाहीत?"

"गळतात की! पण महिन्याभरानं. पाचव्या आठवड्यात डोकं पुन्हा उजाड दिसतं. तेव्हा एकेक मिशीवाला मला फोन करून रडतो. मी सांगते, पानं गळली, मूळ जागेवर आहे, चौथ्या महिन्यात बघा. नेजात बेंचं मात्र मूळच गेलं." तिनं डोळे पुसले. "त्या गल्लीत बारा दवाखाने आहेत. सगळीकडे माझ्या हाताला नाव आहे. ते उद्या गेलं, तर मला डोकं कोण देईल?"

मुबेर्रा हानिम उठली. "नाझ्मी, पिशवी घे."

रुग्ण उतरत ते अतिथिगृह दवाखान्याच्या वरच होतं. मालकीण फार काही विचारत नसे. बारा दवाखान्यांपैकी कुठलंही भादरलेलं डोकं आलं, की खोली द्यायची, एवढंच तिला ठाऊक.

नेजात डोक्याला पट्टी बांधून पलंगावर बसला होता. त्याला बघताच नाझ्मी वहिनीच्या कानाशी लागला, "हा तो बांधकामवाला. भूकंपात याचीच सहा मजली इमारत बसली होती."

"मी निर्दोष सुटलोय," नेजातनं ते ऐकलं होतं. "जमीन हलली. मी नाही हलवली."

"मी बाटलीबद्दल विचारायला आलेय," मुबेर्रा हानिम हळूच म्हणाली. "ती कुठे असते?"

"कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. फक्त सकाळी न्याहारीला गच्चीवर नेतो. आम्ही आठ-नऊ जण तिथे डोक्याला लोशन फासून चहा घेत बसतो. बाटल्या कठड्यावर ओळीनं असतात, नावं चिकटवलेल्या."

"गच्चीवर बायका येतात?"

"छे! त्या अवतारात पुरुषाला बायकोनंसुद्धा बघू नये. मालकीण जिन्यातूनच थाळ्या देते."

"मलमाला घाण वास असतो. आला नाही?"

"लिंबाच्या कोलोनचा घमघमाट होता. आमच्यातलेच रुस्तेम बे ते सुगंधी पाणी सगळ्यांच्या हातांवर ओतत फिरत होते."

"न्याहारी झाल्यावर?"

"नाही, आधीच. भला माणूस आहे." नेजात फणकारला. "अहो, गच्चीवर सगळे माझ्यासारखेच. ज्याचं स्वतःचं डोकं कच्चं आहे, तो दुसऱ्याच्या डोक्याला हात लावेल? ती सबिहाच! तिसऱ्या दिवशी मी तिला झापलं होतं, त्याचा सूड घेतला तिनं. तिला या शहरात कामच मिळणार नाही, असं करून सोडीन."

खाली दिवाणखान्यात त्याची वाग्दत्त वधू बेलगिन बसली होती. डोकं जळलं त्याच्या आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते अख्ख्या इमारतीनं ऐकलं होतं.

"मी?" ती हसली. "मला सूड घ्यायचा असता तर लग्नानंतर घेतला असता, बाई. सगळं आयुष्य पडलं होतं त्याला. आणि मालकीण मला या खोलीच्या पुढे पाऊल टाकू देत नाही. विचारा तिला."

मालकिणीला विचारलं. खरं होतं.

न्याहारीची गर्दी पांगली होती; रुस्तेम गच्चीवर एकटाच ऑलिव्हच्या बिया ताटलीच्या काठाला लावत होता. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा. त्यानं उठून आधी दोघांच्या हातांवर कोलोन ओतलं.

"मी बुर्सा शहरात केस लावून घेतले. पाच आठवडे झाले. दुसरी फेरी इथे करावी म्हणतो."

नाझ्मीची नजर न्हाव्याची. ती त्या डोक्यावरच खिळली. कपाळापासून टाळूपर्यंत गव्हाच्या शेतासारखे आखूड केस दाट उभे होते.

"माशाल्ला! एक केस गळला नाही! जरा मागं वळा बघू, रुस्तेम बे." रुस्तेम थोडा थबकला, मग वळला. "बघा वहिनी, याला म्हणतात हात! मागून हजारो केस उपटले, पण डोक्यामागे एक ठिपका नाही. नाहीतर ते बाकीचे! मागून मुंग्यांनी खाल्ल्यासारखे दिसतात."

"खरंच की," मुबेर्रा हानिम म्हणाली. "रुस्तेम बे, घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही."

जिना उतरताना नाझ्मी हळहळला. "म्हणजे सबिहाच उरली. वाईट वाटतं हो, वहिनी."

"तू आज सगळं बरोबर पाहिलंस, नाझ्मी."

"मग?"

"पाहून खूश झालास, तिथे चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात सगळे जमले. मुबेर्रा हानिमच्या सांगण्यावरून फौजदारानं रुस्तेमलाही बोलावून घेतलं होतं.

"बाटली सबिहानं भरली," ती म्हणाली. "पण नंतर ती कुलपात होती. बाहेर आली ती फक्त गच्चीवर. तिथे ना सबिहा जाते, ना बेलगिन. जातात फक्त रुग्ण, आणि रुग्णावर कोण संशय घेणार? त्याचं स्वतःचं डोकं पणाला लागलेलं असतं."

"मग रुग्णांपैकी कोणी नव्हेच," फौजदार म्हणाला.

"रुग्णांपैकी नव्हेच. तिथे एक माणूस रुग्ण नव्हता."

नाझ्मीनं वळून रुस्तेमच्या डोक्याकडे पाहिलं.

"सबिहा, पाचव्या आठवड्यात डोकं कसं दिसतं?"

"उजाड, ताई."

"रुस्तेम बे म्हणाले, पाच आठवडे झाले. केस मात्र सगळे उभे. ज्याच्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही, त्याला वाटतं, केस लावले की ते वाढतच जातात. आधी गळतात, हे त्यालाच माहीत असतं जो गळताना बघून रडलाय."

"शंभरात एखाद्याचे गळत नसतील," फौजदार म्हणाला.

"म्हणून मागची बाजू बघा. पुढे लावलेला प्रत्येक केस मागून काढावा लागतो, आणि काढल्या जागी ठिपका उरतो. यांच्या डोक्यामागे एकही नाही, हे चाळीस वर्षांच्या न्हाव्यानं पाहिलंय. कुठल्याही डॉक्टरला दाखवा. या डोक्याला सुई कधी लागलेलीच नाही. चांगले दाट केस भादरून हे त्या अतिथिगृहात राहायला आले. आणि लोक कोलोन ओततात खाऊन झाल्यावर. यांनी ओतलं लोशन लावायच्या आधी, वास झाकायला."

नेजात ताडकन उठला. "मी याला ओळखतही नाही!"

"नाही ओळखत," रुस्तेम शांतपणे म्हणाला. "चार वर्षं कोर्टात तुमच्या मागच्या बाकावर बसलो. तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. निकालाच्या दिवशी दारात फोनवर हसत बोलत होतात. लग्नाआधी शिशलीत केस लावून घेतो म्हणालात. माझी मुनेव्वेर आणि दोन्ही मुली चौथ्या मजल्यावर होत्या. म्हटलं, यालाही आरशात काहीतरी उजाड दिसू दे."

मुबेर्रा हानिम त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आणि सबिहा? इमारत पडते तेव्हा बांधणारा आत नसतो, रुस्तेम बे. तुम्ही रचलेलं पडलं तेव्हा खाली ही होती."

रुस्तेमचा चेहरा पहिल्यांदाच ढासळला. "ठाऊक होतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. मग याची पट्टी बघायचो, आणि वाटायचं, अजून एक दिवस." तो सबिहाकडे वळला. "माफी मागायला तोंड नाही मला, बहिणी."

"लिहून घ्या, आणि आत टाका याला!" नेजात ओरडला.

"घेतो," फौजदार म्हणाला. "कारणासकट सगळं कोर्टापुढे जाईल. फिर्यादी तुम्ही, तेव्हा तुम्हालाही तिथे बसावं लागेल."

नेजातचा हात पट्टीकडे गेला. तो खाली बसला. बेलगिन त्याच्याकडे बघत होती, जणू पहिल्यांदाच.

"हे बघा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "दुःखी माणूस आहे बिचारा. मी तक्रार मागे घेतो. विषय संपला."

"माझा नाही संपला!" सबिहा म्हणाली. काल रडणारी हीच का, असं नाझ्मीला वाटलं. "तुम्ही मागे घेतलीत तर लोक म्हणतील, मोठ्या मनानं माफ केलं सबिहाला. मला माफी नको. कुणी केलं आणि का केलं, ते कागदावर पाहिजे. शिक्क्यासकट."

"मलाही पाहिजे," रुस्तेम म्हणाला. "मी कबूल करतोय, साहेब. लिहा."

"कबुली दिलीय. आता तक्रार मागे घेऊन उपयोग नाही," फौजदार नेजातला म्हणाला. "बसा. प्रत्येक पानावर तुमची सही लागेल."

बेलगिननं बोटातली अंगठी काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

फौजदारानं कोरा कागद ओढला. "कारण?"

"मोठं आहे. कागद पुरेसे घ्या." रुस्तेमनं खुर्ची पुढे सरकवली आणि नेजातच्या डोळ्यांत बघत सांगायला लागला. "तळमजला. डावीकडचं दार. वेसिले आजी, वय एकाहत्तर. उजवीकडचं दार..."

नाझ्मीनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. वर अजून पाच मजले होते.