नोरीनकडे ठेवलेलं प्रस्थान

बातमी आली तो दिवस बुधवारचा. बुधवारी इथे आयर्लंडमध्ये, स्वोर्ड्स गावातल्या आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते, म्हणून मी सकाळीच हिरवा डबा ओढत फाटकापाशी नेत होते. जानेवारी महिना. रस्त्यावर रात्रीचं दंव गोठलेलं होतं आणि डब्याची चाकं त्यावरून खडखडत होती. खिशातला फोन वाजला तेव्हा वाटलं, आमची मुलगी सानिका असेल. कॉर्कहून ती रोज त्याच सुमाराला फोन करायची.

फोन हॉस्पिटलमधून होता. नर्सचा आवाज फार मऊ होता. "उर्मिला, तुझ्याजवळ आत्ता कुणी आहे का गं?"

मी म्हटलं, "डबा आहे."

असं का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

मोरेश्वर, माझा नवरा, गेला. साथीचे दिवस होते, आजारपणात त्याला भेटता आलं नाही, नंतरही काचेपलीकडूनच पाहिलं. सगळे विधी मात्र झाले. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर मंत्र सांगत होते, सानिका चुकत-माकत म्हणत होती. पुण्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून अस्थी जवळच्या खाडीत सोडल्या. दिवस झाले, तेरावा झाला. काही राहिलं असं वाटलं नाही. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. काही राहिलं असं मला खरंच वाटलं नव्हतं.

आता त्याच्या आधीचं सांगते.

मोरेश्वरला उत्तर इटलीतली तळी गाडीने फिरायची होती. कित्येक वर्षं त्याच्या डोक्यात तेच. टूर नको, गाइड नको. "तळं, गाव, कॉफी. परत तळं, गाव, कॉफी. एवढंच," तो म्हणायचा. बेर्गामोला विमानातून उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, ओर्ता, मग वारेन्ना, मग लोवेरे, आणि फिरून बेर्गामो. राहायची घरंसुद्धा त्याने स्वतः फोन करून ठरवली होती, मोडकंतोडकं इटालियन बोलून. नंबर माझा दिला होता, कारण स्वतःचा फोन त्याने आयुष्यात वेळेवर उचलला नाही.

तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, याची त्याने धास्ती घेतली होती. सराव म्हणून तो घरातही उजव्या बाजूने चालायला लागला. जिन्यात मी समोरून आले की ओरडायचा, "उजवीकडून, उर्मिले, उजवीकडून!" मी हसत सुटायचे. माझं हसू शेवटी आत ओढलं जातं आणि कुईं असा आवाज होतो. तो म्हणायचा, "पाणी संपल्यावर पंप करतो तसा."

निघायचं होतं दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, शुक्रवारी, तेरा तारखेला. सासूबाईंनी पुण्यात पंचांग उघडलं आणि व्हिडिओ कॉलवर मान हलवली.

"हा दिवस निघायला चांगला नाही. त्याआधी चांगला दिवस बघून प्रस्थान ठेवा."

"आई, स्वोर्ड्समध्ये कुठे प्रस्थान ठेवायचं?" मोरेश्वर म्हणाला.

"जायच्या दिशेला कुणाचं घर नाही का? दोघांचं एकेक वस्त्र, तांदूळ, सुपारी, हळकुंड. गाठोडं बांधायचं आणि त्यांच्याकडे ठेवायचं. प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. मग घरी जेवलात-झोपलात तरी निघालेलेच तुम्ही. जाताना तेवढं उचलायचं."

"म्हणजे चेक-इन झालं, फक्त बोर्डिंग बाकी."

"तुझं बोर्डिंग तू बघ. मला वात्रटपणा नको."

आग्नेयेला, कोपऱ्यावर, नोरीनचं घर होतं. नोरीन सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी, आणि अशा गोष्टींत सासूबाईंची सख्खी बहीण शोभावी अशी. तेरा तारीख आणि शुक्रवार ऐकताच तिने छातीवर क्रूस काढला. "तुझी सासू शहाणी बाई आहे. तिला सांग, नोरीन सांभाळेल." मोरेश्वरचा रुमाल आणि माझा एक हिरवा खण, असं ते गाठोडं तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं टॉवेल सुकवायचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. "तुमचा हा प्रवासी इथे उबेत राहील. ग्रँड," ती म्हणाली. इथे छान, ठीक याला ग्रँड म्हणतात.

आणि निघायच्या चार दिवस आधी, सोमवारी रात्री, इटली बंद झाली. मग आयर्लंड बंद झालं. मोरेश्वरने तिन्ही घरांना फोन करून मुक्काम वर्षभर पुढे ढकलले. "तळी कुठे पळून जातात?" तो म्हणाला. गाठोड्याची कुणालाच आठवण राहिली नाही. त्या हिवाळ्याआधी नोरीन मुलाकडे शॅननला गेली, जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेली. घरातलं हीटिंग तिने बंद केलं होतं.

आता पहिला फोन.

दोन हजार एकवीसचा मार्च. दुपारी मी पोळ्या लाटत होते. दोनच. एक झाली की सवयीने मी दुसरी लाटायचे आणि ती संध्याकाळी खायचे. नंबर इटलीचा होता. बाई तुटक इंग्रजीत बोलत होती.

"सिन्योरा, ओर्ताहून बोलतेय. तुमचे मिस्टर आणखी एक उशी मागतात. तुम्हाला कशी चालेल? मऊ की कडक?"

मला वाटलं, पुढे ढकललेली तारीख आली आहे आणि हिला काही माहीत नाही. मी सावकाश सांगितलं, की आम्ही येऊ शकत नाही. माझे मिस्टर... ते जानेवारीत वारले.

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, दगडी काठावर लहान लाटा आपटतात तसा. मग ती अवघडून म्हणाली, "पण ते बाहेर बाकावर बसलेत, सिन्योरा. म्हणाले, बायको सामान घेऊन मागून येतेय. सगळं बंद असताना तुम्ही कसे आलात, ते आम्ही विचारलं नाही..."

मी फोन ठेवला. तव्यावरची पोळी जळाली होती.

सानिकाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स अ स्कॅम. पुढच्या वेळी पैसे मागतील बघ. ब्लॉक कर." मग थोडं थांबून, "आर यू ईटिंग प्रॉपरली?"

"दोन पोळ्या."

"ग्रँड," ती म्हणाली, पण तिचा आवाज ग्रँड नव्हता.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मुलगा गेल्यापासून त्या फार कमी बोलत. त्या दिवशी मात्र त्यांनीच सुरुवात केली.

"मोरू स्वप्नात येतो गं. बोलत नाही. गाडी चालवत असतो. शेजारी पाणी असतं, आणि तो आपला चालवतच असतो... उर्मिला, तेव्हाचं ते प्रस्थान उचललं होतंत ना?"

 "नाही, आई. राहूनच गेलं."

"जाणं रद्द झालं, तेव्हा आणून गाठ नाही सोडलीत?"

"नाही."

त्यांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"दोघांचं होतं ना ते?"

"हो. दोघांचं."

"उद्या उजाडलं की जा आणि गाठ सोड. निघालेल्याला कुणीतरी थांब म्हणायला हवं ना? नावाने हाक मार. म्हण, प्रवास झाला, आता जा." त्यांचा आवाज फाटला. "मीच ठेवायला लावलं गं..."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले नाही. पाऊस होता, असं मी त्यांना सांगितलं. पाऊस नव्हता. मी दिवसभर खिडकीत बसून होते, नोरीनची किल्ली मुठीत धरून. मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. त्या बाईने बाकाबद्दल सांगितलं तेव्हा मी घाबरले, पण त्याच्याआधी, अगदी पापणी लवेपर्यंत, मला बरं वाटलं होतं. तो कुठेतरी बसला होता. त्याला उशी हवी होती.

दुसरा फोन वारेन्नाहून. या वेळी म्हातारा पुरुष, घाईत.

"सिन्योरा, बरं झालं उचललात. सकाळी तुम्ही निघालात, तुमची शाल खुर्चीवर राहिली. जांभळी. एका कोपऱ्याला रफू केलेली. कुठे पाठवू?"

"सकाळी कोण निघालं?" मी विचारलं.

"तुम्ही." तो हसला. "तुम्ही दोघं."

तो रफू मी स्वतः केला होता. जांभळा दोरा मिळाला नव्हता, म्हणून निळ्याने. शाल जिन्याखालच्या खुंटीला असते, आदल्या दिवशी मी ती अंगावर घेतली होती. मी जिन्यापाशी गेले. खुंटीला माझा रेनकोट होता, छत्री होती. शाल नव्हती. मी सगळं घर शोधलं, गाडीत पाहिलं, धुण्याच्या मशीनमध्ये हात घालून चाचपलं. मग खालच्या पायरीवर बसले. मी सकाळी कुठे होते, हे आठवायला लागले, आणि मला ते नीट आठवेना. चहा घेतला होता, एवढं आठवत होतं. तो इथेच घेतला होता का?

फोन परत इथल्या नंबरावर येत होते, इथल्या खोलीत वाजत होते, म्हणून मी इथे आहे, असं मी स्वतःला समजावलं. दुसरा काही पुरावा सापडेना.

लोवेरेचा फोन आला तेव्हा बाहेर संध्याकाळ उतरत होती आणि मी दिवा लावायला विसरले होते. एक तरुण मुलगी बोलत होती. "जेवणाचं विचारायचं होतं. मासे चालतील का? तुमचे मिस्टर म्हणतात, तिलाच विचारा."

"ते तिथे आहेत?"

"गाडी लावतायत. थांबा, फोन नेते..."

तिच्या चपलांचा खडीवरचा आवाज. दार उघडलं. वारा, मागे पाणी, गाडीचं इंजिन मागेपुढे होत असलेलं. मी फोन कानाशी घट्ट दाबला. आणि त्या सगळ्यापलीकडून, पार लांबून, पण स्पष्ट...

"उजवीकडून, उर्मिले, उजवीकडून!"

लगेच एक बाई हसली. मोकळं, पोट धरून. आणि हसू संपताना शेवटी श्वास आत ओढला गेला. कुईं.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तशीच, घरातल्या चपला घालून, नोरीनकडे गेले.

बंद घराला एक वास असतो, ओल्या भिंतींचा आणि जुन्या साबणाचा. तिथे तो होता. जिन्याचा कठडा बर्फासारखा गार होता. मी डावीकडून चढतेय हे लक्षात आलं आणि, का ते माहीत नाही, मी बाजू बदलली. हॉट प्रेसचं दार उघडलं. टाकी गार. टॉवेल दमट, गार. खालच्या फळीवर आमचं गाठोडं होतं, तसंच, मी मारलेल्या गाठीसकट. त्याला तळ्याच्या पाण्याचा वास येत होता, आणि थोडा पेट्रोलचा.

मी हात लावला. ते गरम होतं. नुकत्याच थांबलेल्या गाडीचं बॉनेट असतं, तसं.

गाठीचं टोक माझ्या चिमटीत आलं होतं. एक ओढ, एवढंच काम होतं. सासूबाईंनी सांगितलेले शब्द मला पाठ होते. मोरेश्वर, प्रवास झाला. आता जा. मी तोंडसुद्धा उघडलं. पण गाठ सुटली की तिकडून नाहीसं कोण होणार होतं? तो तर एकदा गेलाच होता, त्या बुधवारी, मी डबा ओढत असताना. आता तो एका तळ्याकाठी गाडी लावत होता आणि त्याच्या शेजारी कुणीतरी हसत होतं. त्या जानेवारीपासून मी एकदाही हसले नव्हते.

माझ्या बोटांखाली गाठोडं हलकेच थरथरलं, इंजिन सुरू होताना होतं तसं.

मी दार लावून घेतलं.

त्याला आता काही दिवस झाले. आमच्या घरावरून विमानं उतरतात. सध्या फार थोडी, म्हणून प्रत्येक ऐकू येतं. लोवेरेनंतर बेर्गामो, आणि बेर्गामोहून घर. इतकाच प्रवास उरला आहे. प्रस्थान दोघांचं होतं, म्हणजे परतायचं तेही दोघांनीच. फाटक वाजलं, दार उघडलं, आणि जांभळी शाल घेतलेली ती बाई आत आली, तर तिला मी काय सांगू, ते मला सुचत नाही.

सासूबाई रोज विचारतात. मी त्यांना सांगितलंय की झालं.

गाठ मी अजून सोडलेली नाही.