उसना चीक

"अंकुशनं माहं पिल्लू बदललं," भैयाजी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

बेसा गावाजवळ त्यांच्या चाळीस मेंढ्या होत्या. फुप्फुसं पोखरणारा, जन्मभर न सुटणारा एक विषाणू शोधायला सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. सगळ्या निर्दोष. फक्त दोन महिन्यांच्या एका कोकराच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्याची आई वितानाच मेली होती, आणि मरायच्या महिनाभर आधी तपासलेलं तिचं रक्त निर्दोष होतं.

"मंग हे रोगट आलं कुठून? चांगलं विकलं त्यानं. उद्या दोघंही जातीन, कोकरू अन् अंकुश."

खाजगी तपासनीस नूपुर मेश्राम सहायक रुपरावांना घेऊन गोठ्यावर गेली.

"मी काहून बदलीन?" मेंढपाळ अंकुशनं मोबाइल पुढे केला. जन्मदिवसाच्या फोटोत कोकराच्या कानावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग होता. समोरच्या कोकरालाही तोच.

"याला दूध कोणी पाजलं?" नूपुरनं विचारलं.

"माह्या बायकोनं. बाटलीनं."

"तेव्हा दुसरी कोणती मेंढी व्याली होती?"

"एकही नाही."

अंकुशची बायको यमुताई चुलीपाशी होती. फळीवर थर्मास, शेजारी थर्मामीटर.

"गाईचंच दूध देल्लं," ती खाली बघत म्हणाली.

"पहिल्या दिवशीही?"

"हो."

"हा थर्मामीटर?"

"भावाचा. सावनेरले त्याच्या मेंढ्या हायेत."

"बऱ्या आहेत?"

"त्यायले दम लागते."

नूपुरनं भैयाजींना आत बोलावलं.

"कोकरू तेच आहे. मेंढीला लागण झाली की तिचं शरीर ही प्रतिपिंडं हळूहळू बनवतं, कधी महिने लागतात. कोकराला मात्र ती आयती मिळतात, पहिल्या दिवसाच्या चिकातून. गाईच्या दुधात ती नसतात, आणि इथं दुसरी मेंढी व्यालेली नव्हती. हा चीक सावनेरहून आला."

यमुताईनं पदर डोळ्यांना लावला. "बाहेरचं काही आणू नका, असं मालकानं बजावलं होतं. पण पिल्लू मरून राहिलं होतं."

"मग चिकातून रोगही आला असेल," रुपराव म्हणाले.

"म्हणूनच थर्मामीटर. यमुताई, किती गरम केला?"

"भावाच्या डॉक्टरनं सांगितलं तसा. छप्पन अंशावर, तासभर. उकळू नाही देल्ला."

नूपुर पहिल्यांदाच हसली. "तेवढ्या उष्णतेत विषाणू मरतो, प्रतिपिंडं टिकतात. ती उसनी असतील, तर काही महिन्यांत ओसरतील. लागण असेल, तर जाणार नाहीत. कोकरू वेगळं बांधा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

भैयाजी म्हणाले, "तोवर अंकुश इथंच राहीन."

सहा महिन्यांनी अहवाल आला. रक्त स्वच्छ होतं. भैयाजींनी तो दोनदा वाचला आणि कागद अंकुशच्या हातात दिला.

"यमुताईले सांग गा," ते म्हणाले, "तिनं मले विचारलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं. बरं झालं, तिनं विचारलं नाही."