पावलाची पेरं

संग्रहालयाच्या कीटक विभागात ताईंना सगळे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. भुंगेऱ्याच्या पावलाची पेरं त्या तीनदा मोजत. तिन्ही वेळा एकच आकडा आला तरच तोंड उघडत. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायांची पेरं समजली की किड्याचं कुल कोणतं, याचा बराचसा उलगडा होतो.

त्या सकाळी मात्र तीनदा मोजायला सवड नव्हती. जंगलं पालथी घालून किडे आणणारा धाकटा भाऊ इस्पितळात तापाने फणफणला होता. हा भुंगेरा त्याने उजव्या मुठीत धरला होता, आणि तळहात फोडांनी भरला होता. डॉक्टरीणबाईंनी मेलेला भुंगेरा कुपीतून पाठवला होता. हा फोड आणणाऱ्या कुलातला आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. तसा असेल, तर त्यांच्या हाताशी असलेलं औषध भावाच्या जिवावर बेतणार होतं.

ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काळा, अंगठ्याच्या नखाएवढा. पावलं पाच-पाच-पाच. फोड आणणाऱ्यांची असतात पाच-पाच-चार. त्यांनी एकदाच मोजलं आणि फोन लावला.

"त्यातला नाही. द्या औषध."

मग स्वस्थ बसवेना म्हणून त्या पुन्हा मोजायला बसल्या.

पाच-पाच-चार.

त्यांनी दिवा बदलला, भिंग पुसलं. पेर तुटलं म्हणावं, तर दोन्ही मागचे पाय अगदी टोकाच्या नख्यांपर्यंत शाबूत होते. पुन्हा फोन केला. औषध देऊन झालं होतं.

तिसऱ्यांदा मोजलं. पाच-चार-चार, दोन्ही बाजूंना. असं कुल त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

कुपी पर्समध्ये टाकून त्यांनी टॅक्सी गाठली. वाटेत त्या स्वतःला शिव्या घालत होत्या. पण वॉर्डाच्या दारातच डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, ताप उतरलाय, तुमचं बरोबर निघालं. ताईंना रडूच फुटलं.

भाऊ डोळे मिटून पडला होता. तळहाताला पट्टी होती. पट्टीबाहेरच्या बोटांवरून त्याचा अंगठा एकेक पेर सरकत होता. मोजायची ही रीत लहानपणी ताईंनीच त्याला शिकवली होती.

"काय मोजतोस रे?"

"ताई, चार बोटांची पेरं बारा ना?"

"बाराच."

"माझी जास्त होतायत."

तापाचं बरळणं, असं म्हणत ताईंनी त्याचा हात हातात घेतला. बोटं गार होती.

त्यांनी मोजलं. सोळा.

डोळे पुसून पुन्हा मोजलं. सोळा.

भुंगेऱ्याची चार पेरं घटली होती; इथे चार वाढली होती. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं.

अठरा.