राहू दे

"सूर नेमका आहे... शब्द तेवढा चुकलाय."

प्रार्थना म्हणता म्हणता नर्स थांबली, हातातली उशी हातातच राहिली. दारात एक उंच तरुण उभा होता. खाटेवरच्या आजोबांचा नातू – पियानो सुरात लावून देणारा.

"कुठला शब्द?"

"'थकल्या जीवांना राहू दे' नाही, 'रहम दे'. म्हणजे दया."

"अगंबाई! म्हणजे आठ दिवस मी देवाला 'राहू दे, राहू दे' म्हणतेय? त्याला वाटलं असेल, हिला काही नकोच!"

तो हसला. आजोबाही हसले, पण आवाजाविना. घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईल की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते.

"पण तुमचा धर्म वेगळा. आमची प्रार्थना तुम्ही का म्हणता?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा म्हणाले, 'साठ वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही पोरी, आता चुकेल.' माझाही सकाळचा नेम आहे ना... मोडला तर काय वाटतं, ते कळतं मला. म्हणून त्यांच्याकडूनच शिकून घेतली."

"तुमचा देव रागवत नाही?"

"विचारलं मी. काही बोलला नाही. आजोबांसारखाच!"

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. शब्द तपासायला, म्हणे. पियानोच्या तारा आपोआप सैल कशा होतात, हे तिनं विचारून घेतलं. उपास असतानाही ही इतकी हसते कशी, हे त्याला काही केल्या उमगेना. तिच्या सकाळच्या स्तोत्राला आजोबा खाटेच्या दांडीवर बोटानं ताल धरतात, हेही तिनंच त्याला सांगितलं.

एका संध्याकाळी तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या आजोबांना घरी सोडणार. मग मला इथं यायला कारणच..."

तिनं घाईघाईनं प्रार्थना सुरू केली. "थकल्या जीवांना राहू..."

"पुन्हा चुकलात! रहम –"

"राहू दे!"

खरखरीत, फाटका आवाज. दोघं गर्रकन वळले. आजोबा बोलले होते!

तिचे डोळे भरून आले. "आजोबा... शब्द राहू दे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोट तिच्याकडे वळवलं. "हिला... राहू दे."

नातू कानापर्यंत लाल झाला. "ऐकलंस?" – पहिल्यांदाच एकेरी. "राहशील?"

तिनं आधी प्रार्थना पुरी केली. अर्धवट सोडायची तिला सवयच नव्हती. मग खाली बघत म्हणाली, "सकाळी माझी, संध्याकाळी तुमची. दोन्ही म्हणेन... चालेल?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत खाटेच्या दांडीवर बोटाची टकटक सुरू झाली होती.