खंडूच्या वाटच्या भाकरी

पान्याच्या मोटरची लाईट रातीच्या बाराला यायची, तवर बसा गप, पोरांनो. आन् ते दात काढनं बंद करा. ही गोष्ट न्हाई, माझ्या मावसभावाची, बन्सीची हकिगत हाय. मरताना त्यानं मला एकट्याला सांगितली.

सन त्र्याहत्तर. दुष्काळ ऐन भरात. इनामगावच्या वर, घोडनदीच्या काठाला त्यांचं गाव. बन्सी दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. त्याचा धाकटा भाऊ खंडू, वीस वर्सांचा, माघापासनं नदीपल्याड बाभळबनात झोपडं घालून एकटा ऱ्हात व्हता. का गेला? आम्ही बौद्ध मानसं. वस्तीचं पानी आटलं तवा खंडूनं गावाच्या विहिरीत घागर सोडली. गावानं त्याला तिथंच तुडवला. आन् सख्ख्या भावानं काय करावं? हात जोडले! "पोरगं चुकलं, मालक, माफ करा." कामावरनं नाव कापतील ह्या भ्यानं.

खंडूनं तोंडातलं रगत पुसलं. म्हनला, "त्यांनी मारलं त्याचं काय न्हाई, दादा. तू हात जोडलेस." त्याच सांजेला गेला. मानसापरीस कोल्ही बरी, म्हनला. पुढं कुनाला तोंड दाखवलं न्हाई.

आई सोजरबाई रोज दोन भाकरी फडक्यात बांधायची. रेशनच्या लाल मिलोच्या, म्हंजी परदेशी जवारीच्या. थापून झाली की मधोमध अंगठा दाबायची, म्हंजी ही खंडूच्या वाटची, घरातल्या पोरांनी हात लावायचा न्हाई. बन्सीनं फडकं काठावरच्या बाभळीला टांगायचं आन् कालचं रिकामं घेऊन यायचं.

पाडव्यापातूर टांगलं त्यानं. मग एका सांजेला भूक काय आवरंना. वाळल्या नदीत बसून एक भाकर खाल्ली. दुसऱ्या दिशी दोन्ही. मग रोजच. फडकं झटकायचा आन् घरी यायचा.

"खाल्ली का रं माझ्या लेकरानं?"

"खाल्ली, आये."

पोटाला कसली लाज! उरल्यासुरल्या डोहात मासं हायत, खंडू मारत असंल, अशी मनाची समजूत घालायचा.

बुद्धपौर्निमेची रात आली. सोजरबाई म्हनली, "आज सनाचा दिस हाय. भाकरी दे आन् हाताला धरून आन त्याला." साडेनऊला बन्सी निघाला. टिपूर चांदनं. नदीतल्या नेहमीच्या दगडावर बसला. दोन्ही भाकरी खाल्ल्या, फडकं झटकलं, आन् मग झोपड्याकडं गेला.

दारात खंडू पाठमोरा बसलेला.

"खंड्या, आये बोलावती. चल घरी."

बन्सी दोन पावलं पुढं सरला.

"माझं चुकलं, बाबा..."

"दादा." मान वळवली न्हाई त्यानं. "पोट भरलं का?"

बन्सी तसाच माघारी फिरला. चालाय लागला.

मागं पावलं.

हा थांबला की थांबायची. चालला की चालायची. नदी वलांडली. पांदीची वाट सरली. गावाची ती विहीर आली...

पावलं थांबली.

"मग, आबा?"

मग काय. बन्सीनं वळून बघितलं. चांदनं. वाट. कुनी न्हाई.

घरी म्हनला, "येत न्हाई, आये."

तांबडं फुटायला म्हातारी सोताच निघाली. मागनं बन्सी. झोपड्यात खंडू पडलेला, वाळून लाकूड झालेला. मरून महिना तरी झाला असंल. कोल्ह्यांनी शिवलंसुदिक नव्हतं. आन् उशाला भाकरींची चळत. लाल. एकेकीच्या मधोमध आईचा अंगठा.

सगळ्या बन्सीनं खाल्लेल्या. कालच्या दोन्हीबी.

सोजरबाई मटकन खाली बसली. "माझ्या हातचं नगं झालं व्हतं रं तुला? एक घास न्हाई खाल्लास?"

बन्सीनं तवाच तोंड उघडायचं. न्हाई उघडलं. लेक माझ्यावर रुसून उपाशी मेला, ह्याच घोरात म्हातारी नऊ वर्सं झुरली. रोज ताटावर रडायची, आन् हा शेजारी बसून जेवायचा. माझा भाऊ असला तरी म्हनतो मी, भ्याड!

ती गेल्यावर त्यानं तिची ट्रंक उघडली. लुगड्याखाली ते फडकं, गाठ मारलेलं. चळतीतली एक भाकर तिनं ठेवली व्हती. नऊ वर्सं.

बन्सीनं गाठ सोडली. मधोमध अंगठा तसाच.

हात लावला...

भाकर ऊन व्हती.