मंगळवार-शुक्रवारचा गुळगुळीत रस्ता

खड्ड्यांवर संशोधन करणाऱ्या मुलीनं खड्ड्यातच पडावं, म्हणजे कमालच झाली ना?

वलवण धरणाच्या रस्त्यावर, श्रावणातल्या भुरभुर पावसात माझी स्कूटी आडवी झाली होती. पुढचं चाक वाकलं होतं आणि मी चिखलात बसून माझी डबी पुसत होते. तेवढ्यात एक छोटा टेम्पो थांबला. आधी आतून गुळाचा वास आला, मग एक चेहरा डोकावला.

"लागलंय का कुठं?"

"नाही."

"मग डबी काय पुसताय? आधी तोंड पुसा की."

असा राग आला मला! "ही साधीसुधी डबी नाही," मी ठसक्यात म्हणाले. "गाडीला बसणारे हादरे मोजते ही. त्यावरून रस्ता किती खराब आहे ते कळतं. इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करतेय मी."

त्यानं स्कूटीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग... कळलं का?"

हा प्रज्ञेश. वलवणला त्याच्या घरचा चिक्कीचा कारखाना. रोज सकाळी लोणावळ्याच्या बाजारातून गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याची पोती आणायची, हे त्याचं काम. माझी स्कूटी त्यानं पोत्यांवर चढवली आणि मला तुंगार्लीला घरी सोडलं. उतरेपर्यंत माझ्या डोक्यात विचार पक्का झाला होता.

"तुमच्या टेम्पोत ही डबी बसवू का? तुम्ही रोजच जाता या रस्त्यानं."

"बसवा. पोत्यांना एकदा विचारतो. पण ती सहसा कशाला नाही म्हणत नाहीत."

तेव्हा मला हसूच आलं, राग कुठल्या कुठे गेला.

माझं मात्र सगळं त्या डबीवर अवलंबून होतं. दिवाळीनंतर रस्त्यांच्या अभियंत्यांपुढे मला माझं काम मांडायचं होतं. ते पटलं, तर वलवणचा रस्ता दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात जाणार आणि माझी पद्धतही मान्य होणार. नाही पटलं, तर माझ्या गाइड मॅडमनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "सृष्टी, मग सगळं पहिल्यापासून."

डबी रोज टेम्पोत असायची. मी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारी बसायचे आणि खड्डे नकाशावर टिपायचे. बाहेर धुकं असं दाटलेलं, की धरणाचं पाणी दिसायचंच नाही. तो एका हातानं काच पुसायचा, दुसऱ्या हातानं कागदाची पुडी पुढे करायचा. पुडीत कोमट चिक्कीचे तुकडे असायचे.

"नेहमी तुटकीच का देता?" मी एकदा विचारलं.

"तुटकी विकत नाही आम्ही. ती घरच्यांना असते."

"मग मी... घरची?"

त्यानं उगाच गिअर बदलला. "तुम्ही... तुटकी खाणाऱ्या."

कारखान्यात कढईपाशी रखमाजीआबा असायचे. एका शुक्रवारी आम्ही पोचलो, तर ते कालथा हातात घेऊन दारातच उभे. "बाई येती त्या दिशी गूळ लय उशिरा येतो रं. कुटं फिरत असतोस?"

मी ओशाळले. "आबा, मी नाही येणार आता. तुमच्या कामाचा खोळंबा होतो."

"छे, आबांना रोजच घाई असते," प्रज्ञेश घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही या. म्हणजे... डबीसाठी." त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, कढईची धग लागली असेल.

दिवाळीनंतर अभियंत्यांपुढच्या सभेचा दिवस उजाडला. प्रज्ञेश सगळ्यांसाठी चिक्कीचे डबे घेऊन आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता. मी बोलायला लागले, पडद्यावर आलेख आले. पुढच्या रांगेतल्या माधवी मॅडम, तिथल्या सगळ्यांत अनुभवी अभियंता, चष्मा सारखा करत म्हणाल्या, "थांबा. रस्ता एकच, टेम्पो एकच. मग काही फेऱ्यांत हादरे आहेत आणि काहींत जवळपास नाहीतच, हे कसं? तुमची डबी बिघडलेली दिसते."

मलाही ते दिसलं होतं. डबीची लहर समजून मी सगळ्याची सरासरी काढून मोकळी झाले होते.

"वारांप्रमाणे लावून बघा," त्या म्हणाल्या.

मी आकडे लावले. सोमवार लाल, मंगळवार हिरवा. बुधवार, गुरुवार लाल. शुक्रवार... हिरवागार.

"मंगळवारी आणि शुक्रवारी काय असतं तिथे?"

मी पडद्याकडे बघतच राहिले. "मी असते," माझ्या तोंडून निघून गेलं. "त्या दिवशी टेम्पोत... मी बसलेली असते."

सभागृहात खसखस पिकली. शेवटच्या रांगेतला माणूस छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होता. पंखा बंद होता.

राग आला मला, खरंच आला. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि त्यानं माझे डोळे भरून आले. इतक्या खड्ड्यांतून, इतक्या धुक्यातून कुणीतरी मला जपून नेत होतं आणि त्याबद्दल एका शब्दानं बोललं नव्हतं.

"डबी बरोबर आहे," मी आवाज सावरत म्हणाले. "मी शेजारी असले की चालक खड्डे चुकवतो. नसले की सरळ जातो. त्यामुळे माझ्या फेऱ्या वगळायला हव्यात." मी वगळल्या. पडदा लालेलाल झाला. वलवणचा रस्ता जसा होता तसा समोर आला.

माधवी मॅडम हसल्या. "रस्ता पहिल्या टप्प्यात घेऊ. आणि ही गंमत शोधनिबंधात लिहा, लपवू नका."

शेवटचं पान आभाराचं होतं. त्यावर मी 'एक वाहनचालक' एवढंच टाइप केलं होतं. मला ते वाचवेना.

"त्या वाहनचालकाचं नाव प्रज्ञेश आहे," मी म्हणाले. "मला एक हादरा बसू नये म्हणून त्यांनी माझे दोन वारांचे आकडे बिघडवले. मी त्यांची... फार फार आभारी आहे."

परतताना बाजारातून गुळाच्या ढेपा टेम्पोत भरल्या आणि आम्ही निघालो. वलवणच्या फाट्यावर त्यानं विचारलं, "रागावलात?"

"हो. सांगायचं तरी."

"काय सांगणार? त्या दिवशी तुम्ही चिखलात बसला होतात... पुन्हा तसं बघवलं नसतं मला." त्यानं टेम्पोचा वेग आणखी कमी केला. "आवडता तुम्ही मला. ते सांगण्यापेक्षा खड्डे चुकवणं सोपं होतं."

मी पुडीतला एक तुकडा तोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. हात लगेच मागे घेतला नाही. त्यानंही घेतला नाही.

"आता रस्ता नवा होईल," तो हळूच म्हणाला. "मग हळू चालवायला कारण काय सांगू?"

"कारण कशाला हवंय?" मी म्हणाले. "तू आपला हळूच चालव."

त्या दिवशी आबांचा गूळ फारच उशिरा पोचला.